ढ आणि कायदा

दिवाळीत कायद्याचे पुस्तक घेऊन कुणी बसत नाही. हातात चकली असावी, मांडीवर एखादी गोष्ट उघडी असावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी फटाक्यांच्या नावाने बोटे मोडावीत, ही दिवाळीच्या वाचनाची रीत. तरी यंदा मला वकिली करायची आहे ती कायद्यातल्या एका व्याख्येची. सनद माझ्याजवळ नाही. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेला नाही. मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण ती व्याख्या ज्यांच्यासाठी आहे त्यांतली एकदोन मुले दरवर्षी माझ्या वर्गात असतात. एवढा अधिकार मला पुरे वाटतो.

२०१६ साली संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्याच्या शेवटी जी अनुसूची आहे, तिच्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असे एक कलम आहे. बोललेली वा लिहिलेली भाषा मनात उलगडून घेण्याच्या क्रियेतच उणीव असणे, आणि ती समजणे, बोलणे, वाचणे, लिहिणे, शुद्धलेखन किंवा आकडेमोड यांतल्या अडचणीच्या रूपाने दिसणे, असा त्याचा साधारण अर्थ. वाक्य भलतेच रुक्ष आहे. माझ्या कादंबरीत असले वाक्य आले तर प्रकाशक हस्तलिखित परत पाठवतील.

पण या वाक्याच्या आधी आपल्याकडे काय होते? एका अक्षराची व्याख्या होती: ढ. ब्राह्मीपासून बाकीची अक्षरे रूप पालटत आली, ढ तेवढा होता तसाच राहिला, म्हणून न शिकणारा तो ढ, असे सांगतात. व्याख्या सुटसुटीत खरी. तिला डॉक्टर लागत नाही, कागद लागत नाही, मास्तरांची एक नजर पुरते. आणि एकदा लागली की ती मुलाबरोबर थेट बोहल्यापर्यंत जाते. कायद्याच्या व्याख्येने मुलावर शिक्का बसतो, असे म्हणणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे असते की, शिक्का नव्हता असा काळ तुम्ही कधी पाहिला?

आपली लिपी शहाणी आहे, जसे लिहावे तसे वाचावे, असा आपला अभिमान. बहुतांशी तो खराही आहे. पण ज्याला अक्षरांचा गुंता होतो त्या मुलाच्या डोळ्यांनी तिच्याकडे एकदा पाहावे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येऊन उभी राहते आणि बोलते मात्र नंतर. एकटा ‘र’च पाहा: सूर्यात तो डोक्यावर चढतो, चक्रात पायाशी लोंबतो, राष्ट्रात खाली टोपी घालून बसतो आणि कुऱ्हाडीत कुठल्या कुठे आडवा होतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यात एवढ्याशा रेषेचा फरक. आपल्याला हे सारे कधी जमून गेले ते आठवतही नाही. त्याला मात्र सहावीतही प्रत्येक शब्द पहिल्यांदाच भेटतो, आणि ओळ संपेपर्यंत ओळीचा आरंभ हरवलेला असतो.

‘आमच्या वेळी नव्हते हो असले काही,’ असे शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर नेहमी ऐकू येते. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा चलाख, खेळात पुढे. वाचन मात्र येईना. त्याला बरीच वर्षे शिकवणाऱ्या मास्तरांचे मत असे पडले की, सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. मला त्या डॉक्टरापेक्षा या मास्तरांचेच कौतुक अधिक वाटते.

आपल्या महाराष्ट्राने १९९६ साली, देशात सर्वांच्या आधी, शासकीय आदेशाने अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित. पाऊल मोठे होते. परंतु १९९५ च्या केंद्राच्या अपंगांसाठीच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मोजले होते आणि त्या सातांत हे मूल कुठेच बसत नव्हते. डोळे धड, कान धड, बुद्धी शाबूत! सवलत ही देणाऱ्याची मर्जी असते. २०१६ च्या कायद्याने यादी एकवीसवर नेली, त्यात यांचे नाव घातले आणि सोळाव्या कलमात शाळेवरच जबाबदारी टाकली की, अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि त्यावर योग्य ते शिकवण्याचे उपाय करा. आता आईबापांनी हेडमास्तरांपुढे हात जोडायचे नाहीत, कलम दाखवायचे. मधे २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला तेव्हा आमच्या शाळेतले सारे शिक्षक रडले. चांगलेच झाले, पण रुमाल वाळायला किती वेळ लागतो? परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक रुमाल पाहत नाही, कागद पाहतो.

खोटे दाखले काढून सवलती लाटणारे असतील. खोटी रेशनकार्डेही निघतात; म्हणून गरिबाचे धान्य बंद करा असे कुणी म्हणत नाही. खरे-खोटे निवडायला व्याख्याच लागते, आणि ती जितकी रेखीव तितके बरे. माझी तक्रार निराळी आहे. मराठी मुलाला मराठीतूनच तपासले पाहिजे. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत ‘डाली’ नावाची चाचणी २०१५ सालीच तयार झाली, पण माझ्या सहकाऱ्यांपैकी कितीजणांनी तिचे नाव ऐकले आहे, हे विचारायला मला संकोच वाटतो.

माझ्या वर्गात सध्या एका शिंप्याचा मुलगा आहे. तीसचाळीस गिऱ्हाइकांची मापे त्याला नुसती ऐकून पाठ असतात. छाती, कंबर, बाही, सारे. तीच मापे वहीतून वाच म्हटले की घाम फुटतो. वडिलांना तपासणीबद्दल सांगितले, तेव्हा ते बराच वेळ टेप बोटांभोवती गुंडाळत राहिले.

‘सर, कागदावर दिव्यांग लिहून आलं की धाकटीच्या लग्नालासुद्धा आडवं येईल हो.’

‘आणि आता त्याला काय म्हणतात?’ मी विचारले.

त्यांनी उत्तर दिले नाही. मुलगा काजे करीत होता. त्यानेच मान वर न करता सांगितले, काय म्हणतात ते.

चार दिवसांनी वडील शाळेत येऊन अर्ज घेऊन गेले. तपासणीची तारीख दिवाळीनंतरची धरली आहे. सणाच्या शिलाईची घाई आहे, आणि मापे सांगायला तोवर मुलगा दुकानात हवा, असे ते म्हणाले.