आधी चाकं बघा!

लांब पल्ल्याची गाडी मोठ्या स्टेशनवर थांबली, की पूर्वी एक माणूस हातात लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेने चालत जायचा. चाकावर टण्‌कन ठोकायचा, कान द्यायचा आणि पुढे सरकायचा. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. भुसावळला माझे बाबा ह्याच खात्यात होते. त्यांना टीएक्सआर म्हणायचे, म्हणजे ट्रेन एक्झामिनर. गाडी आली की मी इंजिनाकडे पळायचो आणि बाबा चाकांकडे वाकायचे. मला वाटायचं, बाबांना गाडीतलं काही कळतच नाही!

१९८६ साली मी सातवीत होतो. शेजारच्या क्वार्टरमधल्या माझ्या दोस्ताला त्याच्या मामांनी जर्मनीहून रेल्वेचा संच आणला. चावीची गाडी नव्हे बरं का, विजेवर चालणारी! खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. (आपली ब्रॉडगेज ह्या मापात १९ मिलिमीटरच्या वर जाते, म्हणून भारतीय डब्याखाली हा रूळ जरा अरुंद दिसतो. पण शौकीन लोक ते फारसं मनावर घेत नाहीत.) संचात पाच डबे होते. त्यातली तपकिरी वाघीण सगळ्यांत देखणी. मालगाडीच्या डब्याला आपण वाघीण म्हणतो हे ठाऊक आहे ना? इंग्रजी वॅगनची आपण वाघीण करून टाकली! तर ह्या वाघिणीवर बारीक अक्षरं होती, छोटी शिडी होती, उघडणारं दार होतं. आणि सांध्यावर आली, की ती हमखास पडायची.

दिवाळीच्या सुट्टीत दोस्त चार दिवस गावी गेला. जाताना संच माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "नीट सांभाळ हं."

मी ठरवलं, तो यायच्या आत वाघीण दुरुस्त करून त्याला चकित करायचं. चाकाला आतल्या बाजूने जी उंच कड असते, तिला फ्लँज म्हणतात. ती सांध्यात अडकतेय, असा शोध मी लावला आणि बाबांच्या पेटीतली कानस घेऊन एका जोडीची कड छान घासून काढली. परिणाम? आधी वाघीण फक्त सांध्यावर पडायची, आता प्रत्येक वळणावर पडू लागली. पडणारच! ती कडच तर चाकाला रुळावर धरून ठेवते.

बाबा ड्यूटीवरून आले. त्यांनी वाघीण उलटी केली, मग न पडणारे बाकीचे डबे मागितले. व्हर्नियर काढून एका अक्षावरच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर मोजलं. चांगल्या चालणाऱ्या चारही डब्यांचं १४.४ मिलिमीटर. वाघिणीचं १३.७. त्यांनी न घासलेल्या जोडीची दोन्ही चाकं चिमटीत धरली, हलकेच पिळत बाहेर ओढली, पुन्हा मोजली. १४.४. अर्ध्या मिनिटाचं काम.

"घासायच्या आधी मोजलं होतंस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

वाघीण मी गुपचूप खोक्यात ठेवली आणि संच परत केला. एक अक्षरही बोललो नाही. दोन दिवसांनी दोस्ताला कळलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. उरलेल्या सुट्टीत त्याने मला खेळायला बोलावलं नाही, इतकंच.

शेवटी बाबांनीच मला त्याच्या दारात नेऊन उभं केलं. "सांग त्याला," म्हणाले आणि निघून गेले. मी रडत रडत सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. तू कधी सांगतोस ते बघत होतो."

त्यानंतर आम्ही दोघांनी एक आखूड रूळ बाजूला टाकला. तिची पाटी होती 'सिक लाईन'. खऱ्या यार्डातही नादुरुस्त डबे उभे करायच्या लाईनीला हेच नाव असतं. दोनदा पडलेला डबा तिथे जायचा आणि मोजल्याशिवाय त्याला कानस लावायची नाही, असा कायदा झाला. पण आधी रूळ तपासायचा. सगळेच डबे एकाच जागी पडत असतील, तर दोष त्या जागेचा. एकच डबा सगळीकडे पडत असेल, तर दोष डब्याचा.

आता तुम्ही कधी असा डबा विकत घ्यायला गेलात, तर रंग बघून भुलू नका. आधी तो सपाट काचेवर ठेवा. एका कोपऱ्यावर बोट दाबल्यावर डुगडुगला, तर चाकं एका पातळीत नाहीत. मग रुळाचा तुकडा दोन वह्यांवर तिरका ठेवून डबा सोडा. तो आपणहून, आवाज न करता उतरला पाहिजे. प्लॅस्टिकच्या चाकांवर मळ लवकर चढतो, धातूची चाकं चांगली. मात्र दोन रुळांतून वीज जाते, म्हणून धातूच्या जोडीतलं निदान एक चाक अक्षापासून विजेच्या दृष्टीने वेगळं केलेलं हवं. नाहीतर रुळावर ठेवताच शॉर्टसर्किट! नवी जोडी घेताना अक्षाची लांबीही मोजा. लांब झाला तर अडकतो, आखूड झाला तर डगमगतो.

आणि वजन! इथे एक गंमत आहे. कोळसा नेणारी आपली बॉक्सएन वाघीण रिकामी असताना सुमारे साडेबावीस टन भरते. ती सत्त्याऐंशी पट लहान केली तर वजन किती? ८७ ने भागून चालणार नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही लहान होतात, म्हणून ८७ ने तीनदा भागायचं. करून बघा. उत्तर येतं जेमतेम ३४ ग्रॅम! इतका हलका डबा मधे असला आणि मागे जड डबे असले, तर वळणावर तो आतल्या बाजूला ओढला जाऊन आडवा होतो. रुळाच्या जोडावरचे धक्के काही त्या हिशेबाने लहान होत नाहीत ना! म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने ह्या मापासाठी एक नियम सुचवला आहे: डब्याला साधारण २८ ग्रॅम, शिवाय लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. छोटी बॉक्सएन १२.३ सेंटिमीटर लांब होईल, म्हणजे तिला जवळजवळ ९७ ग्रॅम हवेत. हिशेबाच्या जवळपास तिप्पट! त्यासाठी लोखंडी वॉशर डब्याच्या तळाशी, दोन्ही टोकांना सारखे चिकटवा. शिसं मात्र हाताळू नका, ते विषारी असतं.

रंगाचं काम अगदी शेवटी. खडूची किंवा कोळशाची पूड कोरड्या ब्रशने लावली, की नवाकोरा डबा खूप प्रवास करून आल्यासारखा दिसतो. नाही आवडली तर पुसता येते.

पुण्यात कोथरूड भागात जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथे गेलात तर सगळे इंजिनाकडे बघत असतील, तेव्हा तुम्ही जरा खाली वाकून डब्यांची चाकं बघा.

दोस्त आता नाशिकला राहतो. बऱ्याच वर्षांनी मी त्याच्या वाघिणीला धातूची नवी जोडी आणून दिली. ह्या वेळी अक्ष मोजून! बसवायच्या आधी त्याने माझ्याकडून व्हर्नियर मागून घेतला आणि स्वतः पुन्हा मोजलं. घासलेली जुनी जोडी त्याने मला परत दिली. ती माझ्या टेबलाच्या खणात, बाबांच्या हातोडीशेजारी आहे.