पडाव

(एस. वाय. बी. ए.)

“वार्षिक अंकासाठी दीवच्या शिबिरावर लिही,” असे सरांनी सांगितले, तेव्हा मी लगेच होकार दिला. लिहायला बसल्यावर लक्षात आले की दीवविषयी लिहिणारे आमच्यात पुष्कळ आहेत. पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, १९७१ च्या युद्धात बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक, नागव्याचा किनारा, हे सारे कोणीतरी लिहीलच. मला मात्र तेथे पोचण्याचाच दिवस पुन्हा पुन्हा आठवतो. म्हणून तेवढेच लिहितो.

डिसेंबरातली गोष्ट. सूचनाफलकावर कागद लागला : दीव बेट, समुद्रकाठी तंबूत चार दिवसांचे निसर्ग-शिबिर, शुल्क रुपये २,८००. बेट आणि समुद्र मी फक्त नकाशात पाहिले होते. माझे गाव शिंदखेडा तालुक्यात. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर आला की तोच समुद्र. दिवाळीच्या सुटीत मी दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचला होता आणि ते पैसे परीक्षेच्या फीसाठी म्हणून पेटीत ठेवले होते. पेटी उघडली, पैसे मोजले, पुन्हा ठेवले. तिसऱ्या दिवशी नाव दिले.

खरा प्रश्न घरचा होता. आमच्या घरात ‘सहल’ हा शब्द कोणी कधी वापरलेला नाही. तो मीही टाळला. म्हणालो, “कॉलेजचा कॅम्प आहे. गुजरातेत. तंबूत राहायचे आहे. सरांनी नाव घातले आहे.” यांतले शेवटचे वाक्य खोटे होते. माय भाकरी थापीत होती, तिचा हात थांबला नाही. आबा मात्र थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे पडाव.”

हा शब्द शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. सुरतेच्या पूर्वेला बारडोली, व्यारा, मढी हा सारा उसाचा पट्टा. तेथील ऊस तोडायला खानदेशातली माणसे दोन-तीन पिढ्या जात आली आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, आधी घेतलेल्या पैशाला ‘उचल’, आणि शेताच्या कडेला किंवा रस्त्याला लागून ही माणसे जेथे पाले ठोकून राहतात त्या जागेला ‘पडाव’. दसऱ्यानंतर गेलेले लोक आखाजीच्या सुमारास परततात. माझे आजा-आजी जात. आबा चौथीत होते, तेव्हा त्यांनाही नेले, कारण घरी धाकट्यांना सांभाळायला कोणी नव्हते आणि पडावावर होते. परत आले तेव्हा शाळेची परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या वर्षी तेच झाले. त्यानंतर शाळा हा विषय आपोआप मिटला.

आबांनी मला शिबिराबद्दल जे प्रश्न विचारले, ते सारे पडावाचे प्रश्न होते. पाणी किती दूर? जळण मिळते का? जमीन काळी की मुरमाड? आणि शेवटी, “मुकादम कोन शे?”

मी म्हणालो, “सर आहेत.”

“चांगला शे ना?”

“चांगले आहेत.”

गावात मात्र वेगळेच चालले होते. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये नाही, ही एवढी भूगोलाची माहिती आमच्या पारावर सगळ्यांना आहे. “दीवले कसाले जाई ऱ्हायना, ते माहीत शे भो,” असे म्हणून मंडळी हसत होती. आबा त्या हसण्यात सामील झाले नाहीत.

बाकीची मुले जळगावला गाडीत बसणार होती. मी आदल्या दिवशी घरी आलो होतो, म्हणून दोंडाईचाहून बसायचे ठरले. मिरचीच्या बाजारामुळे त्या गावाचे नाव दूरवर गेले आहे. रात्री अकरा वाजताही हवेत खाट होता. आबा पोचवायला आले. त्यांच्या खांद्यावर गुंडाळलेली ताडपत्री होती आणि हातातल्या पिशवीत सुताचा दोर आणि एक खुरपे.

“तंबू कॉलेजचे आहेत आबा. हे नको.”

“ऱ्हाऊ दे. वारा कथाईन येस ते पहिले देखजो. अन् चारी खंदजो चहूबाजूनं. पानी आलं म्हंजे आथरून भिजस.”

डिसेंबरात पाऊस कोठून येणार, हे मी बोललो नाही. गाडी आली. खुरपे मी बॅगेत अगदी तळाशी, कपड्यांच्या खाली घातले. ताडपत्री लपवता येण्यासारखी नव्हती.

डब्यात आमची मंडळी भेंड्या खेळत होती. मला जागा दरवाजाजवळ मिळाली. शेजारी एक माणूस, त्याची बायको आणि दोन मुले गाठोड्यांवर बसली होती. मोठी मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. तिच्या मांडीवर धाकटा भाऊ झोपला होता आणि ती डोळे सताड उघडे ठेवून दिव्याकडे पाहत होती. माझ्या ताडपत्रीकडे पाहून त्या माणसाने विचारले, “कोन्हा मुकादम?”

क्षणभर मला काही सुचले नाही. मग म्हणालो, “मी कॉलेजात आहे.”

“हां हां,” असे म्हणून तो जरा सरकून बसला. ते सरकणे मला बोचले. तो गावी मर्तिकाला आला होता आणि चार दिवसांत परत निघाला होता. खाडा वाढला तर हिशेबातून जातो, असे त्याने सांगितले. मुलगी शाळेत जाते का, हे विचारायचे माझ्या तोंडाशी आले होते, पण उत्तर मला ठाऊक होते.

नवापूर स्टेशन निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे. आमच्या मुलांनी धावत जाऊन त्यावर बसून फोटो काढले. त्यानंतर उकाई-सोनगढ आले. तापीवरचे १९७२ सालचे मोठे धरण याच भागात आहे. अंधारात अर्थातच काही दिसले नाही.

पहाटे चारच्या सुमारास बारडोली आली. “अरे, बारडोली! १९२८ चा सत्याग्रह! येथेच वल्लभभाई ‘सरदार’ झाले!” असे माझा एक इतिहासवाला मित्र मोठ्याने म्हणाला. बरोबरच आहे त्याचे. आम्हांला समाजशास्त्राच्या तासाला यान ब्रेमन या डच अभ्यासकाचे नाव सांगितले होते. १९७० च्या दशकात त्यांनी याच भागातल्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला आणि त्यांत खानदेशातून आलेले मजूर होते. त्या तासाला मी खाली मान घालून वहीत लिहून घेत होतो. परक्या देशातला माणूस येऊन माझ्या आज्याबद्दल लिहून गेला असेल आणि ते मला परीक्षेसाठी पाठ करायचे होते.

ते कुटुंब उतरले. मुलीने भावाला कडेवर घेतले, बापाने गाठोडी. गाडी सुटल्यावर रुळांपासून काही अंतरावर ओळीने लहान लहान जाळ दिसले. पहाटे तोडीला निघण्यापूर्वी बाया स्वयंपाक उरकतात, हे मी आजीकडून ऐकले होते. मित्र खिडकीशी येऊन म्हणाला, “शेकोट्या आहेत बघ. मस्त! आपणही आज करू.” मग सहज विचारले, “तुझे वडील गुजरातेत होते ना रे? कोठे?”

“येथेच. साखर कारखान्यात.”

“नोकरीला?”

“हो,” मी म्हणालो.

सुरतेहून बसने हजिऱ्याला गेलो. येथून घोघ्याला जाणारी बोट नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने खंभातच्या आखाताला वळसा घालून गेले तर सुमारे ३७० किलोमीटर पडतात. समुद्रातून ९० च. बोटीच्या पोटात मालाने भरलेले ट्रक एकामागून एक शिरत होते आणि ती काही वाकत नव्हती. मी बराच वेळ तेच पाहत उभा राहिलो. समुद्र पाहायचा धीर होत नव्हता म्हणा ना.

शेवटी वर गेलो, आणि काय सांगू, समुद्र निळा नव्हता! पावसाळ्यात तापीला पूर येतो तेव्हा असते तसे गढूळ, तांबूस पाणी, फक्त पलीकडचा काठ नाही. सरांनी सांगितले की या आखातात भरती-ओहोटी फार मोठी असते, त्यामुळे तळाचा गाळ सतत ढवळत राहतो. शिवाय तापी, नर्मदा, मही, साबरमती या नद्या आपापली माती येथेच आणून टाकतात. बरोबरची मुले हिरमुसली. मला मात्र ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. तापीचे मुख तेथून जवळच. धुळ्याची पांझरा, जळगावची गिरणा, सगळ्या तापीतूनच येथे येतात. आमच्या शेताच्या बांधावरून वाहून गेलेली माती, वाटेत उकाईने अडवली नसेल तेवढी, येथे आली असेल. माझ्याआधी आमच्या घरातले कोणीतरी समुद्रापर्यंत पोचले होते तर!

बोट सुमारे चार तास चालली. पांढरे पक्षी मागे उडत होते, मुले त्यांना शेव टाकत होती. दोघांना मळमळले, मला काही झाले नाही.

घोघ्यापासून पुढे बस. (घोघा येथे आणि दीवला लागून आहे ते घोघला. आमच्यातल्या दोघांनी या नावांवरून पैज लावली आणि दोघेही हरले.) वाटेत अलंगकडचा फाटा लागला. जुनी जहाजे भरतीच्या पाण्यावर किनाऱ्याला चढवतात आणि मग तोडतात. रस्त्याच्या कडेला त्या जहाजांतले सोफे, ताटल्या, नारिंगी रंगाची तरंगायची जाकिटे विकायला मांडलेली होती. तोडायला ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेशातून माणसे येतात, असे ड्रायव्हरने सांगितले. आपल्याकडे ऊस तोडतात, येथे जहाज तोडतात. महुव्याला कांद्याच्या गोण्यांची थप्पी पाहून मात्र सगळ्यांना घर आठवले. उन्याला चहा झाला आणि दिवस मावळता मावळता घोघल्याचा पूल ओलांडून आम्ही बेटावर आलो. खाडी इतकी अरुंद की ‘हे बेट कसे?’ म्हणून वाद झाला. ‘दीव’ म्हणजेच द्वीप, असे सांगून सरांनी तो मिटवला.

नागव्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. तेथे होक्याची झाडे आहेत. ताडाच्या जातीचेच झाड, पण त्याला फांद्या फुटतात. आकाशावर त्यांची काळी आकृती पाहून पहिल्यांदा दचकायलाच झाले. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

तंबू काढले. आणि मग जी तारांबळ उडाली ती विचारू नका. वारा समुद्राकडून जोरात येत होता आणि सगळ्यांनी तंबूची तोंडे समुद्राकडे केली होती, कारण सकाळी उठल्याबरोबर दृश्य दिसायला हवे! एक तंबू फुगून उडाला आणि होक्याला जाऊन अडकला. खुंट्या वाळूत धरत नव्हत्या. मी काही वेळ इतरांसारखाच उभा होतो. मग बॅगेच्या तळातून खुरपे काढले. आमच्या तंबूचे तोंड फिरवले. खुंट्या आडव्या करून खोल पुरल्या, वर ओली वाळू दाबली, आबांचा दोर होक्याच्या बुंध्याला बांधला. ताडपत्री आत जमिनीवर अंथरली. आणि हात चालूच होते म्हणून चहूबाजूंनी चारी खणायला लागलो.

“हे कशाला?” इतिहासवाल्या मित्राने विचारले.

“पाणी आत येऊ नये म्हणून.”

“कोणी शिकवले रे तुला?”

“आबांनी.”

“ते तर कारखान्यात होते ना, नोकरीला?”

मी खणत राहिलो. मग म्हणालो, “ऊस तोडायला होते. लहानपणापासून. पडावावर राहत.”

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने जेवणाच्या ताटलीने दुसऱ्या बाजूची वाळू उपसायला सुरुवात केली.

जेवण झाल्यावर मी घरी फोन लावला. आबांनीच उचलला. ते जागेच होते.

“पोचना?”

“पोचलो.”

“पानी कितलं दूर शे?”

“समोरच आहे. पण खारे.”

“जागा ओली तं नाही?”

“नाही. आबा...” मी म्हणालो, “हा पडाव नाही. सरांनी नाव घातले नव्हते. मीच दिले. कापसाचे पैसे भरले. हिंडायला आलोय.”

पलीकडून काही उत्तर आले नाही. मला वाटले, लाईन तुटली. मग आबा म्हणाले, “म्हंजे तंबूत ऱ्हायाना पैसा आपलाच गया?”

“हो.”

पुन्हा शांतता. ते हसत होते की काय, मला अजूनही सांगता येणार नाही.

“हाऊ आवाज कसाना शे?”

“समुद्राचा.”

मी उठून पुढे गेलो आणि फोन हात लांब करून पाण्याकडे धरला. किती वेळ धरावा ते कळेना. हात अवघडला, तेव्हा पुन्हा कानाला लावला.

“चारी खंदी का?” आबा विचारत होते.