तीन फलकांवरची वाट

पूर्ण झालेले चित्र भिंतीवर लागते. त्यामागचे सायास मात्र कपाटात बंद राहतात. न्यूझीलंडमधील ‘टॉप आर्ट’ या प्रदर्शनाचे वेगळेपण असे, की तेथे तयार चित्राइतकाच मान त्याच्यापर्यंत नेणाऱ्या वाटेला मिळतो.

हे प्रदर्शन दरवर्षी भरते आणि गावोगाव फिरते. ते भरवते त्या देशाचे परीक्षा-प्राधिकरण, एनझेडक्यूए. शालेय जीवनाच्या शेवटी विद्यार्थी एनसीईए परीक्षेच्या तिसऱ्या पातळीला बसतात. आदल्या वर्षी ज्यांच्या कलाकार्याला ‘एक्सलन्स’ ही सर्वोच्च श्रेणी लाभली, त्यांपैकी निवडक कामे येथे मांडली जातात. चित्रकला, मुद्राचित्रण, छायाचित्रण, शिल्प आणि डिझाइन अशी त्याची पाच अंगे आहेत.

परीक्षेला एकच देखणे चित्र देऊन भागत नाही. ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचे तीन फलक भरायचे असतात. पहिल्यावर कल्पनेची चाचपणी दिसते. पुढे तीच कल्पना बदलते, कधी साधी होते, कधी अनपेक्षित वळण घेते. थोर कलावंतांच्या रीती अभ्यासाव्या लागतात. पण केवळ अनुकरणाने सर्वोच्च श्रेणी मिळत नाही. घेतलेल्यातून स्वतःचे काही निपजले पाहिजे. जमाखर्च तपासणारा जसा शेवटची शिल्लक पाहून थांबत नाही, नोंदींचा मेळ पाहतो, तसेच परीक्षक एका चित्रातून दुसरे कसे उगवले हे पाहतात.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने चित्रकला निवडली, की घरात प्रश्न उठतो, ‘याचा पुढे उपयोग काय?’ व्यापारी घरांत तो अधिकच तीव्रतेने विचारला जातो, आणि तो अनाठायी नाही. आईवडिलांना मुलाच्या उद्याची काळजी असते. न्यूझीलंडच्या व्यवस्थेने त्याला हिशेबी उत्तर दिले आहे. तेथे विद्यापीठप्रवेशासाठी मान्य यादीतील तीन विषयांत प्रत्येकी किमान १४ श्रेयांक लागतात. चित्रकलेच्या या फलकांचे श्रेयांक नेमके १४ आहेत, आणि मान्य विषयांच्या त्याच यादीत लेखाशास्त्रही आहे. दोन्ही विषय एकाच तराजूत तोलले जातात.

प्रदर्शनाचे खरे प्रेक्षक म्हणजे पुढील वर्षी परीक्षेला बसणारे विद्यार्थी. उत्तमाचे माप काय, हे त्यांना शब्दांपेक्षा फलकांसमोर उभे राहून अधिक नीट कळते. त्यात एक धोकाही आहे. यशस्वी फलक पाहून त्याचीच नक्कल करण्याचा मोह होतो. जाणता शिक्षक अशा वेळी ‘हिने काय काढले?’ असे न विचारता ‘येथून तेथे ती कशी गेली?’ असे विचारतो.

हा प्रश्न घरातही विचारण्याजोगा आहे. मुलांच्या हातातील गुणपत्रिकेवरचा आकडा सर्वांना दिसतो. त्यामागील वर्षभराची धडपड क्वचितच कोणी पाहते. मुलाने कोणता विषय घ्यावा याचा निर्णय कुटुंब आपापल्या परिस्थितीप्रमाणे करील. मात्र त्याआधी त्याची वही एकदा पहिल्या पानापासून, त्याच्या शेजारी बसून, सावकाश पाहावी. त्याच्या कामात सातत्य किती आणि ओढ किती, हे त्या पानांतून बऱ्याच अंशी उमगेल.