झाकण्याआधी

बदलापुरातल्या बेलवलीत तळमजल्याचं काम आलं की मी आधी जमीन बघतो. उल्हास नदी जवळ असल्यामुळे पावसाळ्यात भुईतली ओल वर चढते आणि टाइल्सच्या सांध्यांतून पांढरा खार फुटतो. २००५ आणि २०१९च्या जुलैत बदलापूर पश्चिमेला घराघरांत शिरलेला पूर सगळ्यांनी पाहिला. पण भुईतली ओल फरशी बसून गेल्यावरच कळते. म्हणून मुरूम भिजवून धुमसाने ठोकतो, त्यावर दगडाचं सोलिंग, मग कचचा थर आणि त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, जोडाला वीतभर चढवलेला. कच नसेल तर दगडाचं टोक कागद फाडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

ओलीसारखंच फरशीखाली झाकल्या जाणाऱ्या पाइपांचं. थंड मुलखात तळघराच्या जमिनीखालून कोमट पाण्याच्या नळ्या फिरवून खोली उबदार ठेवतात. कोरियात तर चुलीचा गरम धूर फरशीखालून नेण्याची ‘ओंडोल’ ही जुनी रीत आहे. आपल्याला एवढ्या उबेची गरज नाही, पण त्या नळ्यांच्या कामाची शिस्त घेण्यासारखी आहे. नळीचं वेटोळं अखंड असतं, जमिनीखाली एकही सांधा नाही. सगळे जोड भिंतीवरच्या पेटीत. काँक्रीट ओततानाही नळीत दाब ठेवतात, म्हणजे फावड्याचा घाव बसला तर गेजचा काटा लगेच पडतो.

गिझरची सीपीव्हीसी लाइन टाकताना मी हेच पाळतो. जमेल तिथे पाइप भिंतीतून नेतो. फरशीखालून न्यावाच लागला तर एकसलग, एल्बो भिंतीत. सोल्युशन रात्रभर वाळू देतो. मग लाइनमधली हवा काढून, हातपंपाने पाण्याचा दाब नेहमीच्या दीडपट चढवतो. प्रत्येक जोडाखालून कोरडा कागद फिरवतो. डोळ्याला न दिसणारा पाझर कागदावर लगेच उमटतो. काटा जागचा हलला नाही, तरच कोबा.

याच वेळी टाइल्सवाला दारात उभा असतो आणि मालकांना गृहप्रवेशाची तारीख गाठायची असते. तरी इथे घाई करू नये. आज सांधा बदलायला थोडा वेळ लागतो; उद्या त्याच सांध्यासाठी अख्खी खोली फोडावी लागते.

घराचं काम काढाल तेव्हा प्लंबरला दाबाची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. भिंतीपासून टेप धरून पाइपांचे फोटो काढा आणि घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवा.