कोणाचा उजवा?

मराठीच्या प्राध्यापकांनी विमान बांधावे हे अनेकांना विचित्र वाटले. वाटणे साहजिकच आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात अठरा वर्षे शिकवतो आणि एकाच घरात राहतो. तीन वर्षांपूर्वी विभागप्रमुखपद आमच्यापैकी एकाकडे आले. दुसऱ्यास तो अन्याय वाटला. कोणाकडे आले, हे येथे सांगण्याचे कारण नाही. त्यानंतर घरातले बोलणे भाजी, वीजबिल आणि उत्तरपत्रिका यांच्यापलीकडे जाईनासे झाले.

अशाच एका संध्याकाळी आमच्यापैकी एकाने जेवणाच्या टेबलावर एक आराखडा आणि बाल्साच्या पातळ फळ्या पसरल्या. दुसऱ्याने काही न विचारता चाकू हाती घेतला.

आराखडा ‘अग्ली स्टिक’चा होता, आकाराने लहान केलेला. अमेरिकेतील फिल क्राफ्ट यांनी १९६० च्या दशकात रचलेले हे मॉडेल नावाप्रमाणे खरोखरच कुरूप आहे: खोक्यासारखे धड, फळीसारखा सरळ पंख. पण कसरतींना मोठे तयार. बांधायला आम्हांस चौदा महिने लागले. पंखाच्या फासळ्या कापणे, त्या घासून सारख्या करणे, वर रंगीत फिल्म ठेवून इस्त्रीने ताणून बसवणे, ही सारी कामे न बोलता करता येतात. त्या दिवसांत आम्हांस तेच हवे होते. एकदा फिल्म असमान ताणली गेली आणि पंखाला पीळ पडला. तेव्हा एकाने पंख उलट बाजूस पिळून धरला व दुसऱ्याने इस्त्री फिरवली. त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी थोडे हसणे झाले.

शिकाऊ विमानाचा पंख बहुधा खालून सपाट आणि टोकांकडे किंचित वर उचललेला असतो. नवख्याने गोंधळून दांड्या सोडल्या, तरी पुरेशी उंची असल्यास ते बरेचदा आपले आपण सावरते. कसरतीच्या विमानाच्या पंखाला वरून आणि खालून सारखीच वक्रता असते. त्यामुळे ते उलटेही सहज उडते. पण एकदा कलंडले की तसेच कलंडलेले राहते. त्याला सावरणे हे सर्वस्वी जमिनीवरच्या माणसाचे काम.

गेल्या डिसेंबरात, वारा उठण्यापूर्वी, आम्ही माण तालुक्यातील एका मोकळ्या माळावर पोहोचलो. पंखाखाली दोन बोटे धरून तोल पाहिला. नाक जड असेल तर विमान वाईट उडते, शेपूट जड असेल तर एकदाच उडते, असे या छंदातले लोक म्हणतात. ट्रान्समीटरची शक्ती कमी करून तीस पावले दूर जाऊन पाहिले. दांडी उजवीकडे नेली की उजवे एलेरॉन वर आणि डावे खाली, हे दोघांनी मोठ्याने म्हणून तपासले. ट्रान्समीटर एकाने घ्यायचा आणि दुसऱ्याने विमानावर नजर ठेवून सूचना द्यायच्या, असे ठरले होते.

गाडीवाटेवर विमान डावीकडे ओढ घेऊ लागले. रडरने त्याला सरळ केले आणि ते उठले. हातापायांतले बळ गेल्यासारखे झाले. चौदा महिने जे टेबलावर होते, ते आता तीन मजले उंच होते. पहिले वळण बरे गेले. उंचीही पुष्कळ मिळाली. मग विमान आमच्या दिशेने येऊ लागले आणि त्याचा एक पंख खाली झुकला.

“उजवा खाली!” पाहणारा ओरडला.

पाहणाऱ्याने आपल्या उजव्या हाताकडचा पंख पाहिला होता. समोरून येणाऱ्या विमानाचा तो डावा. उडवणाऱ्याने मात्र शब्द विमानाच्या बाजूने घेतला आणि दांडी डावीकडे नेली. झुकलेला पंख आणखी झुकला, विमान पाठीवर पडले. निवेदकाचा दृष्टिकोन आम्ही दोघांनीही वर्षानुवर्षे शिकवला आहे. त्या क्षणी त्यातले काहीही उपयोगी पडले नाही. उडवणाऱ्याचा हात भीतीने तिथेच गोठला, दांडी डावीकडेच राहिली, आणि त्यामुळेच विमान पूर्ण फिरून पुन्हा सुलटे झाले. बरीच उंची गेली, पण ते वाचले. आमची पहिली कसरत ही अशी. १९१३ साली कीव्हजवळ नेस्तेरोव या रशियन वैमानिकाने आकाशात पहिले उभे वर्तुळ काढले, तेव्हा सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्यास दहा दिवसांच्या अटकेची शिक्षा सुनावली गेली होती. त्याने निदान ते ठरवून केले होते.

उतरताना नाक टेकले, प्रॉपेलर तुटला. विमान उचलायला आम्ही दोघेही गेलो आणि तिथे, कापलेल्या ज्वारीच्या धसकटांत, भांडलो. कोणाचा उजवा? सांगणाऱ्याचा की विमानाचा? तू नेहमी तुझ्याच जागेवरून बोलतोस, असे एकजण म्हणाला. तू विचारत कधी नाहीस, असे दुसरा. थोड्याच वेळात भांडण विमानावरून विभागप्रमुखपदावर गेले. तीन वर्षे जे बोललो नव्हतो ते सगळे तिथे निघाले. दूरवरचा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत उभा होता.

ऊन वर आले तेव्हा थर्मासमधला चहा कोमट झाला होता. तो प्यायलो. यापुढे ‘उजवा’ म्हणजे विमानाचा उजवा, असे ठरले. सुटा प्रॉपेलर पिशवीत होता. एकाने तो बसवला, नट घट्ट केला. वारा अजून उठला नव्हता. या खेपेस ट्रान्समीटर दुसऱ्याने घेतला.