आधी उघडं करा, मग हातात द्या

माझ्या भाच्याला रिव्हॉल्व्हरचं लायसन मिळालं. पेट्रोल पंपाची रोकड घेऊन तो रात्री एकटाच घरी येतो, त्यामुळे गरज खोटी नाही. नवीन घ्यायचं तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ आहे. पण त्याचं मन बसलंय एका निवृत्त गृहस्थांकडच्या जुन्या वेब्लीवर. "मामू, बर्मिंगहॅमचा माल आहे, लोखंड बघा कसलं आहे!" लोखंड चांगलंच असणार. पण हत्यार घेताना लोखंडाच्या आधी बघायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि जुनं हत्यार पहिल्यांदाच हातात धरणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

आमच्या बडे अब्बांकडे असंच एक होतं. ते कुणाच्याही हातात देताना आधी मोडायचे, म्हणजे नळी पुढे वाकवून सगळी भोकं रिकामी आहेत हे दोघांनाही दिसेल असं करायचे. घेणाऱ्यानेही पुन्हा बघायचं. आम्हा मुलांना हा त्यांचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. पुढे हदीस वाचताना त्याचं मूळ सापडलं. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने टोकं मुठीत धरावीत, अशी ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. म्यानाबाहेरची तलवार एकमेकांच्या हाती देऊ नये, अशीही रिवायत आहे. आपल्या भावावर गमतीनेसुद्धा हत्यार रोखू नये, हे तर बहुतेकांना ठाऊक असतं. बंदुका नसलेल्या काळातले हे नियम रिव्हॉल्व्हरला जसेच्या तसे लागू पडतात.

भाच्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती घोड्याची. नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू नये, अशी आतून सोय असते. पुष्कळ जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती नसते. घोडा खाली असताना त्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेलं असतं. असं हत्यार फरशीवर घोड्याच्या बाजूने पडलं, तर चापाला बोट न लावताही गोळी सुटू शकते. म्हणून जुने जाणकार सहा भोकांत पाचच काडतुसं भरायचे आणि रिकामं भोक घोड्याखाली ठेवायचे. 'सहा गोळ्यांचं' म्हणून पैसे मोजणाऱ्याला हे पटत नाही. घोडा आपोआप मागे सरकून राहतो असं विकणारा म्हणेल. खरंही असेल, पण आतली स्प्रिंग कित्येक वर्षांची आहे. जाणत्या मिस्त्रीने खोलून बघेपर्यंत पाचच.

तपासणी रिकाम्या हत्यारावरच करायची. घोडा सावकाश मागे ओढला की सिलिंडर फिरून आपल्या जागी घट्ट बसला पाहिजे. भोक आणि नळी एका रेषेत नसतील तर गोळीचं शिसं कडेला तासलं जातं आणि मधल्या फटीतून बाजूला उडतं. (ती फट चांगल्या हत्यारातही असते, म्हणून दुसऱ्या हाताची बोटं तिच्याजवळ कधीच नकोत.) चढवलेला घोडा अंगठ्याने पुढे दाबून बघायचा. चापाला हात न लावता पडला, तर सौदा तिथेच संपवायचा. नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. आत गोल कड्यासारखी सावली दिसली तर नळी फुगलेली आहे. कधीतरी एक गोळी आत अडकली असताना कुणीतरी मागून दुसरी झाडलेली असते. मोडणाऱ्या वेब्लीत कडीपाशी आणि बिजागरीपाशी खेळ आहे का, हेही हलवून बघायचं.

मला जास्त भीती काडतुसांची वाटते. लायसनवर '.३२' लिहिलेलं असतं, आणि लोकांना वाटतं .३२ म्हणजे .३२. पण रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग वेगळं आणि पिस्तुलाचं .३२ ऑटो वेगळं. पिस्तुलाचं काडतूस बऱ्याच .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं, आणि बसलं म्हणजे चाललं असं माणूस समजतो. त्याचा दाब जास्त असतो. जुन्या हत्याराला तो सोसेलच असं नाही. गृहस्थ हत्यारासोबत जुन्या काडतुसांची डबीही देतो म्हणाले. भाचा खूश. मी म्हटलं, ती घ्यायची नाही. जुन्या दारूचं काडतूस कधी कधी चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडतं. 'उडाली नाही' म्हणून नवशिक्या लगेच पुन्हा चाप ओढतो. सिलिंडर फिरतो, आणि रेंगाळलेलं काडतूस नळीसमोरून बाजूला गेल्यावर फुटतं. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मगच उघडायचं. आणि आवाज नुसता 'फुस्स' आला तर पुढची गोळी झाडायचीच नाही, आधी नळी बघायची.

कागदांचं थोडक्यात. खासगी माणसाकडून घेताना विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस जाऊ द्यायचे, असं १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो. बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखखूण नसलेलं हत्यार विकताच येत नाही. वर्षानुवर्षं घासून नंबर पुसट झालेला असतो, तो भिंगाने वाचून कागदाशी ताडून घ्यायचा. आपल्या नावाच्या माणसाच्या घरातल्या हत्याराकडे दोनदा बघितलं जातं, हे भाच्याला सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच विचारलं, "मामू, नंबरात एक आकडा चुकला तर?" तर माझ्या मते घेऊ नये, किंमत निम्मी सांगितली तरी.

घरात तीन लहान मुलं आहेत. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या त्याच्याच खिशात. उशीखाली नाही आणि कपाटात साड्यांच्या घडीतही नाही. मुलं घरातली प्रत्येक घडी उलगडून बघतात. पुढच्या महिन्यात घरात निकाह आहे, आणि चुलतभावंडं आत्तापासूनच वरातीत एक बार काढायचं म्हणतायत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेफिकीर गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली कुठे येते हे वरातीतल्या कुणालाच दिसत नाही. त्या दिवशी किल्ल्या माझ्याकडे द्यायच्या का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. लायसन त्याच्या नावाचं आहे.