धूर येता काय?

नारळी पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. पहाटे पाचला मालवणच्या धक्क्यावर आमची होडी तयार उभी होती. बर्फाच्या आठ लाद्या आत गेल्या होत्या, जाळी रचून झाली होती, चार खलाशी चहा पिऊन चढले होते. मी सेल्फचं बटण दाबलं. इंजिन फिरलं, पण धरलं नाही. पुन्हा दाबलं. नुसतंच फिरलं.

मी चाकणला एका कारखान्यात इंजिनाच्या सुट्या भागांचं काम करतो. दिवसभर माझ्या स्क्रीनवर सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह असतात. गावात माझी ओळख ‘अण्णांचो इंजिनियर झील’ अशीच आहे. त्यामुळे सेल्फवर इंजिन धरेना तेव्हा चारही खलाशी आपोआप माझ्याकडे बघू लागले. अण्णा धक्क्याच्या पायरीवर बसले होते. गुडघ्यांमुळे दोन वर्षांपासून ते समुद्रात जात नाहीत, आणि चाळीस वर्षं इंजिनाशेजारी काढल्यामुळे डावा कान जवळजवळ गेलेला आहे.

मी बॅटरीपासून सुरुवात केली. टर्मिनलवर हिरवट-पांढरा खार चढला होता. तो उकळत्या पाण्याने धुतला, पॉलिश पेपरने घासला, नट आवळले. सेल्फ आधीपेक्षा जोरात फिरला, इंजिन तसंच. मग मी दाबतच राहिलो. दहा सेकंद, पंधरा सेकंद, वीस सेकंद. थोड्या वेळाने सेल्फचा आवाज जड झाला आणि शेवटी नुसतं ‘टक’ वाजलं. अर्ध्या तासात मी चांगली बॅटरी संपवली होती.

कोणी काही बोललं नाही. शेजारच्या दोन होड्या फटफटत निघून गेल्या. त्यांच्या लाटेने आमची होडी धक्क्याच्या टायरांवर आपटत राहिली.

तेव्हा अण्णांनी वरून विचारलं, “धूर येता काय?”

मी बघितलंच नव्हतं. इतका वेळ मी सेल्फ ऐकत होतो. धुराच्या नळीकडे माझं लक्षच नव्हतं.

“नाय,” एक खलाशी म्हणाला. “एकदापन नाय.”

“मगे बॅटरीक कित्याक धरलंस?” अण्णा म्हणाले, आणि परत समुद्राकडे बघू लागले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे मी नवख्या पोरांना शिकवतो. पिस्टन हवा दाबतो, साधारण सोळा ते वीसपट. दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते. त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत येतो आणि आपोआप पेटतो. म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, दाब आणि योग्य वेळी डिझेल. इंजिन फिरवताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. धूरच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. हे मला माहीत होतं. पण ते मला परीक्षेच्या उत्तरासारखं माहीत होतं. अण्णांना ते धक्क्यावर बसल्या बसल्या आठवलं.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवरून तो नाहीसा झाला. हे मी एकदा अण्णांना सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, “बोटीचा इंजिन बंद पडलेला काय?”

फळ्या उचलून मी खाली उतरलो. आधी बंद करायचा दांडा बघितला. पावसाळ्यात त्याची तार गंजून ‘बंद’वरच अडकते आणि माणूस दिवसभर बाकीचं सगळं खोलत बसतो. तार मोकळी होती. टाकीचा कॉकही उघडा होता. मग सतराचा पाना घेऊन फिल्टरचं भांडं खाली काढलं.

भांड्यात तळाला पाणी होतं. डिझेल पाण्याहून हलकं, त्यामुळे दोन्ही वेगळी दिसत होती: वर पिवळसर डिझेल, खाली गढूळ पाणी, आणि मध्ये जिथे दोन्ही भेटतात तिथे काळपट, बुळबुळीत साय. पाणी साचलं की त्या कडेवर सूक्ष्मजंतू वाढतात, ती ही साय. फिल्टरची जाळी तिने लिंपून टाकली होती. टाकीच्या तळाचा बूच सोडला तर दीडेक लिटर पाणी निघालं.

हे पाणी कुठून आलं, ते मला लगेच कळलं.

मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. होडी वर ओढून, झापांनी शाकारून ठेवायच्या आधी अण्णा दर वर्षी टाकी काठोकाठ भरायचे. अर्धी टाकी म्हणजे उरलेली अर्धी हवा. पावसाळ्यात ती हवा ओली असते, रात्री पत्रा गार पडला की आतून दव धरतं आणि थेंब थेंब तळाला जातो. टाकी भरलेली असेल तर दवाला जागाच राहत नाही. मे महिन्यात त्यांचा फोन आला होता. शंभर लिटर कमी पडत होतं, साडेनऊ हजार लागणार होते. “धाडशीत काय?” त्यांनी विचारलं होतं. घराचा हप्ता, मुलीच्या शाळेची फी, असं सगळं त्या महिन्यात एकत्र आलं होतं. पण मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, “दोन महिने पडून राहणाऱ्या डिझेलमध्ये पैसे कशाला अडकवायचे, अण्णा? ऑगस्टमध्ये भरू की.” ते “बरां” म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे पैसे मागितले, ते आयुष्यात तेवढ्या एका वेळी.

आणि टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर तडकलेला होता. तो बदलायला साठ रुपयेही लागले नसते. बाहेरचा पाऊसही त्यातून झिरपला असणार.

भांडं हातात धरून मी वर बघितलं. अण्णांनी ते बघितलं होतं. ते म्हणाले, “नवो फिल्टर घराकडे ट्रंकेत असा. झिलाक धाडा कोणाच्या तरी.”

नवा फिल्टर येईपर्यंत टाकी धुतली, स्वच्छ डिझेल ओतलं. पण नळ्या एकदा रिकाम्या झाल्या की त्यात हवा शिरते, आणि तीच खरी पीडा. डिझेल दाबलं तर जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाचा धक्का सरळ नोझलपर्यंत जातो. नोझल उघडायला दोनशे वातावरणांच्या आसपास दाब लागतो. मध्ये हवेचा बुडबुडा असला, की तोच आकसतो आणि पुन्हा फुगतो, धक्का त्याच्यात विरतो. म्हणून टाकीकडून सुरुवात करून पुढे पुढे यायचं: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. क्रम चुकवला तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

मी हातपंप मारू लागलो. फिल्टरच्या स्क्रूपाशी फेस आला, मग डिझेल आलं. स्क्रू आवळला. अण्णा तोवर दोघांच्या खांद्यांवर हात टाकून होडीत उतरले होते. त्यांनी माझा आवळलेला स्क्रू परत सैल केला आणि माझं बोट धरून त्यावर ठेवलं.

“डोळ्यांनी नको बघू. हवा बोटाक समाजता.”

खरंच समजत होती. डिझेल नितळ दिसत होतं, पण बोटाखाली मधूनच गुदगुल्या व्हायच्या. मग त्या थांबल्या आणि एकसारखा गार दाब लागू लागला. “आता,” ते म्हणाले.

मी चौथीत असताना एका रात्री अण्णांचं इंजिन बंदराच्या तोंडाशी बंद पडलं होतं. मालवण बंदराची वाट खडकांतून आहे. दिवसासुद्धा जाणता माणूस लागतो. नांगर धरत नव्हता, विजेरी पाण्यात गेली होती. आई सांगायची, की त्यांनी अंधारात हवा काढली. कशी, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या सकाळी माझं बोट त्यांच्या हातात असताना मला ते कळलं.

बॅटरी मी मारलीच होती, त्यामुळे हँडल. डिकॉम्प्रेशनचे दोन्ही खटके वर केले, की व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि चाक हलकं फिरतं. नोझलचे नट सैल करून फिरवलं. आधी फुसफुस, मग पिचकारी. नट आवळले. “आंगठो भायर,” अण्णा ओरडले. इंजिन उलट मारलं तर मुठीत अडकलेला अंगठा मोडतो. मी सगळा जोर लावून चाकाला वेग दिला, त्यांनी पहिला खटका पाडला. पांढरा धूर आला. एक ठोका, दोन ठोके, आणि एका सिलिंडरवर लंगडत इंजिन धरलं. मग दुसरा खटका.

अण्णांना तो आवाज किती ऐकू आला कोण जाणे. त्यांनी फळीवर तळवा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

अकरा वाजून गेले होते. दिवस बुडाला होता, बर्फ अर्धा झाला होता. खलाशांची त्या दिवसाची मजुरी मी दिली. अण्णांनी ती द्यायला मला अडवलं नाही. त्यावरून मी जे समजायचं ते समजलो. टाकीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या वर्षी मेच्या वीस तारखेला मी न विचारता दहा हजार पाठवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“पैसे कित्याक धाडलंस? टाकी मी कालच भरलंय. वायसर पन बदललंय.”